फ्रेडच्या गळ्यातला टाय

अंगावर जनावराचं कातडं, पाय अनवाणी, घर दगडाचं, गाडी दगडाची. आणि गळ्यात निळा टाय. फ्रेड फ्लिंटस्टोनला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा शाळेत होते. १९९५ मध्ये भारतात कार्टून नेटवर्क सुरू झालं. आमच्या आळीत केबल पोचायला आणखी थोडा वेळ लागला. मग दुपारच्या वेळी शेजारच्या काकूंच्या बाहेरच्या खोलीत आम्ही पाच-सहा पोरं मांडी ठोकून बसायचो. बोलणं निम्मंअधिक डोक्यावरून जायचं, पण तो टाय मला फार छळायचा. अश्मयुगात टाय आला कुठून? आणि तोही अंगात सदरा नसताना?

याचं उत्तर मला खूप पुढे, अ‍ॅनिमेशन कसं करतात हे वाचायला लागल्यावर मिळालं. तेव्हापासून मी ते ज्याला-त्याला सांगत आले आहे. जुन्या कार्टूनवरून हाडामांसाच्या नटांचा सिनेमा काढणं इतकं अवघड का जातं, हे त्या टायपासून सुरुवात केली तर फार चांगलं समजतं. त्यासाठी १९९४ सालचा ‘द फ्लिंटस्टोन्स’ हा सिनेमा घेऊ.

आधी थोडं मागे जायला हवं. फ्रेडचं मूळ कार्टून पुढे ज्यांनी काढलं त्या विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीनं १९४० पासून एमजीएम या स्टुडिओत टॉम अँड जेरीचे लघुपट केले. त्या मांजर-उंदरांना सात ऑस्कर मिळाले. पण टीव्ही घरोघरी आला आणि थिएटरात मुख्य सिनेमाआधी दाखवायच्या कार्टूनला कुणी विचारेनासं झालं. १९५७ मध्ये एमजीएमनं आपला कार्टून विभागच बंद केला. दोघांनी स्वतःची कंपनी काढली आणि ज्या टीव्हीनं त्यांचा धंदा बसवला त्याच टीव्हीसाठी काम करायचं ठरवलं. अडचण एकच होती. टीव्हीवाले देत होते ते पैसे जुन्या खर्चाच्या पासंगालाही पुरणारे नव्हते.

इथे थोडा हिशेब करू. सिनेमाच्या पट्टीवर सेकंदाला २४ चौकटी असतात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला १२ चित्रं लागतात. सात मिनिटांच्या टॉम अँड जेरीत नुसत्या टॉमची पाच हजारांवर चित्रं झाली. जेरीची वेगळी. टीव्हीवरचा एक भाग साधारण २५ मिनिटांचा, म्हणजे एका पात्राची १८,००० चित्रं. आणि भाग दर आठवड्याला द्यायचा! प्रत्येक चित्र आधी पेन्सिलीनं काढायचं, मग ‘सेल’ म्हणतात त्या पारदर्शक शीटवर शाईनं उतरवायचं, उलट्या बाजूनं रंग भरायचे, वाळवायचं, रंगवलेल्या पार्श्वभूमीवर ठेवायचं आणि कॅमेऱ्यानं त्याची एक चौकट टिपायची. कितीही माणसं कामाला लावली तरी हे गणित सुटणारं नव्हतं.

म्हणून त्यांनी चित्रं वाचवली. बोलताना माणसाचं काय हलतं? तोंड, फार तर मान. मग धड पुन्हा पुन्हा कशाला काढायचं? धड एका सेलवर, डोकं दुसऱ्या, ओठ तिसऱ्या सेलवर. खालची शीट तशीच ठेवायची आणि वरच्या तेवढ्या बदलायच्या.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. बटर पेपरचे दोन तुकडे घ्या. खालच्यावर माणसाचं धड काढा, वरच्यावर डोकं. आता वरचा कागद जरा इकडे-तिकडे सरकवा. लगेच घोटाळा दिसतो. मानेच्या रेषा खालच्या रेषांना जुळत नाहीत, शिवण उसवल्यासारखी दिसते, डोकं धडावर नुसतं ठेवल्यासारखं वाटतं. आता खालच्या चित्रातल्या माणसाच्या गळ्याभोवती एक जाड, गडद पट्टा काढा आणि पुन्हा सरकवून बघा. सांधा त्या पट्ट्याआड जातो आणि आपली नजर तिथे अडत नाही.

तो पट्टा म्हणजे फ्रेडचा टाय. योगी अस्वलाची कॉलर आणि टाय, हकलबरी हाउंडचा बो, फ्रेडच्या बायकोच्या, विल्माच्या गळ्यातली पांढऱ्या गोट्यांची माळ, सगळी त्याच कुळातली. हॅना-बार्बेराच्या पात्रांचे गळे एकदा नीट बघा. मोकळा गळा शोधावा लागतो.

काटकसर तिथेच थांबली नाही. फ्रेड घरात पळतो तेव्हा मागून तीच खिडकी, तेच टेबल, पुन्हा तीच खिडकी जाते. बैठकीची खोली मैलभर लांब असावी असं वाटतं. लांबट पार्श्वभूमी फिरवत ठेवायची आणि पावलांची मोजकी चित्रं आलटून-पालटून वापरायची, एवढंच ते तंत्र. हालचाल कमी पडते तिथे आवाज मदतीला येतो. पळण्याआधी पाय जागच्या जागी भिरभिरतात तेव्हा ड्रमचा तडतडाट. बोलिंग खेळताना धिप्पाड फ्रेड चवड्यांवर टिपटिप करत जातो तेव्हा घुंगरू किणकिणावेत तसा नाजूक नाद. चित्रं चार-सहाच असतात, बाकीचं काम कान करतात. हे मला अजूनही थोर वाटतं. हाताशी पैसा नव्हता म्हणून त्यांनी एक अख्खी शैली उभी केली, आणि जगभरच्या पोरांना ती इतकी पाठ झाली की तीच त्या पात्रांची ओळख होऊन बसली.

१९९४ च्या सिनेमाचं कोडं नेमकं इथे सुरू होतं. कागदावर जे जे पैसे वाचवायला केलं होतं, ते ते पडद्यावर खरं करून दाखवायला प्रचंड पैसा ओतावा लागतो. आणि टाळता तर येत नाही. टाय काढला तर तो फ्रेड राहत नाही. सिनेमात फ्रेड झालेल्या जॉन गुडमनच्या मानेला काही लपवायची गरज नव्हती, त्याचं डोकं धडाला व्यवस्थित जोडलेलं आहे. तरीही त्याच्या गळ्यात तो निळा, फाटक्या कडांचा टाय आहेच.

दगडांचंच बघा. फ्रेडच्या गाडीला पुढे-मागे दगडाचे दोन रूळ असतात आणि ती पायांनी पळवतात. समजा एक रूळ दीड मीटर लांब आणि ८० सेंटिमीटर जाडीचा आहे. आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या पाषाणाचा धरला तर त्याचं वजन दोन टनांच्या आसपास भरेल. दोन रुळांचं मिळून चार टन. कागदावर दगड एका रेषेचा असतो आणि रेषेला वजन नसतं. खऱ्या सेटवर मात्र दगड दिसायला जड आणि उचलायला हलका असावा लागतो. म्हणून असल्या सिनेमातले दगड फोम, फायबर, प्लास्टर यांचे करतात आणि त्यांना रंगकाम करून भेगा, धूळ, शेवाळ चढवतात. त्यात पुन्हा बेडरॉकचे, म्हणजे फ्रेडच्या गावाचे दगड खऱ्यासारखे दिसूनही चालणार नव्हते. कार्टूनमधल्या दगडांना एक गोलाई आहे, लोण्याचे गोळे असावेत तशी. फार खरे दिसले तर ते आदिमानवाच्या माहितीपटासारखे वाटतात आणि फार गुळगुळीत झाले तर बालनाट्याचा सेट वाटतो. या दोहोंच्या मधली वाट सेट करणाऱ्यांनी शोधली. लॉस एंजेलिसजवळच्या व्हास्केझ रॉक्स या तिरप्या खडकांच्या परिसरात त्यांनी बेडरॉक उभं केलं. खरे खडक मागे, खोटे पुढे. सिनेमाविषयी कुणाचं काहीही मत असो, हे गाव बघत बसावं असं झालं आहे.

त्याहून अवघड होती जनावरं. मूळ मालिकेतला सगळ्यात लाडका विनोद म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू एक प्राणी असतो. नळाऐवजी मॅमथची सोंड, उष्टं-खरकटं संपवायला मोरीखाली डुकरासारखं जनावर, तबकडीवर सुईऐवजी पक्ष्याची चोच. प्राणी कॅमेऱ्याकडे बघून एखादं वैतागलेलं वाक्य टाकतो आणि कथा पुढे सरकते. कागदावर हा चार-पाच सेकंदांचा, थोड्या चित्रांचा मामला. एक चोच उघडली-मिटली की झालं.

खऱ्या सिनेमात ती चोच कुणीतरी उघडावी लागते. हे काम जिम हेन्सन यांच्या नावानं चालणाऱ्या क्रीचर शॉपकडे होतं. तिथे बनतात ते बाहुले आपल्या कळसूत्री बाहुल्यांचे लांबचे भाऊबंद म्हणता येतील, फक्त सूत्रं आत दडलेली. आत धातूचा सांगाडा, सांध्यांना लहान मोटारी किंवा तारा, वर रबरासारख्या मऊ फोमची कातडी, त्यावर एकेक करून लावलेली पिसं किंवा केस. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर माणसं बसलेली असतात. एकाच्या हाती डोळे-पापण्या, दुसऱ्याकडे चोच, तिसरा मान आणि पंख सांभाळतो. तिघांचा श्वास जुळला तर पक्षी जिवंत होतो, नाहीतर डोळे एकीकडे आणि चोच भलतीकडे. या सिनेमातला डिक्टाबर्ड हा साहेबांनी सांगितलेलं ऐकून घेणारा, टेपरेकॉर्डरसारखा पक्षी. कथेच्या शेवटाकडे त्याची साक्ष फार कामाची ठरते, म्हणून तो नुसता शोभेचा असून चालणार नव्हता. फ्रेडशी त्याला खरोखरीचं बोलता यावं लागलं.

यात नटाची बाजू विसरू नये. समोर बाहुला असला की नटाला बघायला काहीतरी असतं. डोळ्यांत डोळे घालता येतात, तो हलला की आपोआप दचकायला होतं. पुढे कॉम्प्युटरवर बनवून घालायचं जनावर असलं तर समोर मोकळी हवा असते. फार तर काठीला लावलेला चेंडू असतो आणि ‘इथे त्याचे डोळे आहेत असं समजा’ एवढीच सूचना असते. नजर चार बोटं वर गेली तरी प्रेक्षकाला काहीतरी चुकलंय हे जाणवतं, काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी. म्हणून मला वाटतं, अशा सिनेमांत चांगला नट कोण हे ओळखायचं असेल तर तो समोर कुणी नसताना कसा बघतो ते पाहावं.

कॉम्प्युटरचं काम इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या कंपनीकडे होतं. याच लोकांनी आदल्या वर्षी, १९९३ मध्ये, ‘जुरासिक पार्क’मधले डायनोसॉर घडवले होते. दोन्ही सिनेमांमागे स्टीव्हन स्पीलबर्ग होते. इथे त्यांनी श्रेयनामावलीत आपलं नाव ‘स्टीव्हन स्पीलरॉक’ असं लावून घेतलं. जुरासिक पार्कचे डायनोसॉर खरे वाटायला हवे होते. फ्रेडचा पाळीव डायनोसॉर डायनो मात्र जांभळा, कुत्र्यासारखा अंगावर झेपावणारा, आणि सगळ्यांना तो आधीपासून कसा दिसतो ते ठाऊक. तो खरा वाटला पाहिजे आणि त्याच वेळी खोटाही राहिला पाहिजे. त्याचा आवाज मात्र अस्सल होता. मूळ मालिकेत फ्रेडचा शेजारी बार्नी आणि डायनो या दोघांना आवाज देणारे मेल ब्लँक १९८९ मध्ये वारले, पण सिनेमातल्या डायनोसाठी त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं वापरली. मूळ विल्माचा आवाज असलेल्या जीन व्हँडर पिल एका छोट्या प्रसंगात दिसतात. खुद्द हॅना आणि बार्बेराही क्षणभर पडद्यावर येऊन जातात. हे मला फार आवडलं. ज्यांनी घर बांधलं त्यांना वास्तुशांतीला बोलवावं, तसं.

आता कथेकडे येऊ, कारण सगळ्यात मोठी ठेच तिथे लागते. मालिकेच्या एका भागात फ्रेड काहीतरी लबाडी करतो, उघडा पडतो, विल्मा रागावते, सगळं मिटतं. पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. कुणी काही शिकत नाही, कुणाचं वय वाढत नाही. या गोष्टीत फ्रेडनं बदललेलं चालणारच नसतं. सिनेमा मात्र ९१ मिनिटांचा आहे. इतका वेळ लोकांना बसवायचं तर माणसाचं काहीतरी पणाला लागावं लागतं. म्हणून लेखकांनी ऑफिसची गोष्ट रचली. फ्रेड मूल दत्तक घ्यायला बार्नीला पैसे देतो. त्या उपकाराची फेड म्हणून बार्नी परीक्षेत आपली उत्तरपत्रिका फ्रेडच्या नावावर करतो. फ्रेड खाणीतून थेट साहेबाच्या खुर्चीत बसतो आणि मग त्यालाच बार्नीला नोकरीवरून काढावं लागतं. मागे एका लबाड अधिकाऱ्याचा अफरातफरीचा डाव चाललेला. ही कथा पोरांना काय कळणार, असं तेव्हा समीक्षकांनी लिहिलं. दहा वर्षांच्या मुलाला अफरातफर समजावत बसावं लागणं ही खरीच चूक आहे.

पण एक गोष्ट लक्षात घेतली की ही चूक अगदीच परकी वाटत नाही. फ्लिंटस्टोन्स मुळात पोरांसाठी नव्हतेच. ३० सप्टेंबर १९६० ला ही मालिका अमेरिकेत एबीसी वाहिनीवर सुरू झाली ती रात्री, मोठी माणसं टीव्हीसमोर बसतात त्या वेळेला. सुरुवातीला तिचा प्रायोजक सिगारेटची कंपनी होती आणि जाहिरातीत फ्रेड-बार्नी चक्क सिगारेट ओढायचे. १९६६ पर्यंत तिचे १६६ भाग झाले. आणि तिची घडण घेतली होती ती ‘द हनीमूनर्स’ या १९५५ च्या मालिकेवरून. एक आडमुठा नवरा, हुशार बायको, साधाभोळा शेजारी आणि त्याची बायको. ती मालिका खऱ्या नटांचीच होती! म्हणजे माणसांची गोष्ट आधी कार्टून झाली आणि ३४ वर्षांनी ते कार्टून पुन्हा माणसांकडे आलं. नवरा-बायको, नोकरी, शेजारधर्म हे सगळं त्यात पहिल्यापासून होतं. कागदावरच्या मुक्कामात त्याला दगड, जनावरं आणि टाय चिकटले, आणि परतीच्या वाटेवर लोकांना तेच हवे होते.

लोकांना ते मिळाले. दिग्दर्शक ब्रायन लेव्हंट यांच्या या सिनेमाला सुमारे साडेचार कोटी डॉलर लागले आणि जगभरात त्यानं ३४ कोटींच्या आसपास कमावले. समीक्षक नाखूश, थिएटरं भरलेली. सन २००० मध्ये त्याच दिग्दर्शकानं वेगळे नट घेऊन फ्रेडच्या तरुणपणाची गोष्ट काढली, तिचा खर्चही निघाला नाही. दगडाचं गाव पहिल्यांदा बघण्याचं नवल एकदाच असतं.

आपल्याकडचं उदाहरण शेजारी ठेवलं की फरक आणखी स्पष्ट होतो. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१ पासून ‘सकाळ’मध्ये यायला लागला आणि कितीतरी घरांत पेपर मागच्या-पुढच्या पानांपेक्षा त्याच्यासाठी आधी ओढला जायचा. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांनी त्याचा सिनेमा केला. सुबोध भावे आणि विभावरी देशपांडे त्यात चिंटूचे आईबाबा होते. इथे चार टनांचे रूळ नव्हते, सोंडेचे नळ नव्हते. चिंटूचं जग म्हणजे आपलीच सोसायटी, आपलंच मैदान, आपलेच शेजारी. ते उभं करायला काही लागत नाही, दारात उभंच आहे. कथेची अडचण मात्र तीच, उलट जास्तच. फ्लिंटस्टोन्सकडे निदान २५ मिनिटांचे भाग होते. चिंटूकडे तीन-चार चौकटी आणि शेवटच्या चौकटीत एक हसू. त्या एका हसूचं दोन तासांचं काय करायचं? मुलांच्या टोळीचं खेळाचं मैदानच धोक्यात येतं, ही गोष्ट त्यावर उत्तर म्हणून घेतली. मला ती निवड शहाणपणाची वाटते. मैदान जाणं म्हणजे काय हे दहा वर्षांच्या मुलाला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

हॅना-बार्बेराच्या बाकीच्या मंडळींचंही हेच कोडं वेगवेगळ्या तऱ्हेनं सोडवलं गेलं. २०२१ च्या ‘टॉम अँड जेरी’त प्राणी कार्टूनच ठेवले आणि त्यांना खऱ्या न्यूयॉर्कमध्ये, खऱ्या माणसांत सोडलं. तो मार्ग त्यांच्यासाठी बरोबर होता, कारण टॉमवर तवा आदळला की त्याचं तोंड तव्याच्या आकाराचं होतं. खऱ्या मांजराचं तसं झालेलं कुणाला बघवेल? २००२ च्या ‘स्कूबी-डू’त माणसं खरी आणि कुत्रा कॉम्प्युटरचा. त्या कुत्र्याची गंमत अशी की १९६९ मध्ये चित्रकार इवाओ ताकामोतो यांनी तो मुद्दाम चुकीचा काढला होता. ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याला बक्षीस मिळायला काय काय लागतं ते त्यांनी एका जाणकार बाईकडून ऐकून घेतलं आणि सगळं उलट केलं. पाठ सरळ हवी तर उतरती काढली, पाय सरळ हवेत तर फेंगडे, हनुवटी भक्कम हवी तर दुहेरी. तेहेतीस वर्षांनी सिनेमावाल्यांना त्या चुकीच्या कुत्र्याला हाडं द्यावी लागली, स्नायू द्यावे लागले, पायाखाली सावली द्यावी लागली. आणि त्याच्यासोबत, म्हणजे मोकळ्या हवेसोबत, मॅथ्यू लिलार्डनं स्कूबीच्या जिवलग दोस्ताची, शॅगीची भूमिका इतकी जीव तोडून केली की पुढे मूळ कलाकार केसी केसम निवृत्त झाल्यावर कार्टूनमधल्या शॅगीचा आवाजही त्याच्याकडेच आला.

फ्लिंटस्टोन्सच्या मालिकेचा प्रत्येक भाग एकाच तऱ्हेनं संपायचा. रात्र झालेली असते, फ्रेड सुळेवाल्या मांजराला दाराबाहेर ठेवतो, ते खिडकीतून आत येतं आणि फ्रेडलाच उचलून बाहेर घालतं. मग दार बडवत तो विल्माच्या नावानं ओरडत राहतो. एकदा काढलेली ही चित्रं वर्षानुवर्षं दर आठवड्याला पुन्हा दाखवली, यापरती काटकसर नाही. सिनेमातही हा प्रसंग घेतला. खरं मांजर किंवा वाघ हे करणार नाही, म्हणून ते कॉम्प्युटरवर बनवलं. कॉम्प्युटरवर केस दाखवणं तेव्हा कुणालाच धड जमत नव्हतं. डायनोसॉरची कातडी निदान सलग असते, मांजराचा एकेक केस वेगळा हलतो, वेगळा चकाकतो. अंगभर लव असलेलं कॉम्प्युटरचं जनावर पडद्यावर आणण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांत या मांजराची गणना होते. मूळ चित्रात त्याच्या अंगावर केसाची एक रेषाही नव्हती, नुसता सपाट रंग. सिनेमात ते लव अंगावर घेऊन येतं, गुडमनला उचलतं, दाराबाहेर ठेवतं, आणि निळा टाय घातलेला तो माणूस दार बडवायला लागतो.